रिव्ह्यू खरा, तरी नोटीस आली

प्रश्न : आम्ही घरचे पाच जण एका मोठ्या रिसॉर्टमध्ये तीन रात्री राहिलो. वेबसाइटवर ज्याचा फोटो सगळ्यात वर होता, तो मोठा स्विमिंग पूल दुरुस्तीसाठी बंद होता. खोली रिसेप्शनपासून इतकी लांब की आईला बॅटरीच्या गाडीशिवाय जाता येईना, आणि गाडी अर्ध्या-अर्ध्या तासाने यायची. पहिल्या रात्री एसी बंद पडला, रात्री दोनला खोली बदलली. बिलात ‘रिसॉर्ट चार्ज’ म्हणून वेगळी रक्कम निघाली. घरी आल्यावर मी सविस्तर रिव्ह्यू लिहिला, दोन स्टार दिले. तीन आठवड्यांनी वकिलाची नोटीस आली : सात दिवसांत रिव्ह्यू काढा, लेखी माफी मागा, बदनामीपोटी २५ लाख रुपये द्या, नाहीतर एफआयआर करू. मॅनेजरचा फोन वेगळाच. तो म्हणतो, रिव्ह्यू काढा, दोन रात्री फुकट देतो. काय करू? पोलीस घरी येतील का? आणि आमचे पैसे परत मिळतील का? (नाव न छापण्याची विनंती.)

उत्तर : पोलीस येणार नाहीत. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात जाऊन एफआयआर नोंदवला आणि दुसऱ्या दिवशी हवालदार दारात, असं यात होत नाही. ज्याची बदनामी झाली असं म्हणणं आहे, त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार करायची असते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे तर अशा तक्रारीची दखल घेण्याआधी न्यायालयाने तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. म्हणजे तुमच्या नकळत काही घडणार नाही.

तुम्ही नोटिशीचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत. तिच्यात भारतीय दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५०० लिहिली आहेत. तुमचा मुक्काम यंदाचा; आणि १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, बदनामी आता कलम ३५६ मध्ये आहे. याचा अर्थ इतकाच की कुणाच्या तरी संगणकात जुनी नोटीस पडून होती, नाव-पत्ता बदलून ती तुम्हाला रवाना झाली. आम्हा वकिलांच्या व्यवसायात हे चालतं. पण ही चूक हातात धरून नाचू नका. कलमाचा आकडा चुकला म्हणून कुणाचा दावा बुडत नाही. सात दिवसांची मुदतही त्यांची त्यांनीच ठरवलेली आहे. आणि २५ लाखांचं म्हणाल, तर नोटिशीत आकडा लिहायला एक पैसा लागत नाही. दिवाणी दावा लावायचा झाला की मागितलेल्या रकमेच्या हिशेबाने कोर्ट फी भरावी लागते, आणि आपली पत नेमकी किती गेली हे दाखवावं लागतं. तिथे बरेच आकडे आपोआप आटोपशीर होतात. असा दावा लावायला मुदतही मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एकच वर्षाची आहे.

आता तुमच्या रिव्ह्यूकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. तुम्ही म्हणता, ‘मी सगळं खरं लिहिलंय.’ मी तुमचा चौदा वाक्यांचा रिव्ह्यू दोनदा वाचला. त्यातली अकरा वाक्यं खरी आहेत. उरलेली तीनही कदाचित खरी असतील, पण तुम्हाला ती सिद्ध करता येणार नाहीत. न्यायालयात या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

‘मोठा पूल बंद होता, बुकिंग करताना कुणी सांगितलं नाही.’ उत्तम. पुलाच्या कडेला लावलेल्या ‘दुरुस्तीचे काम सुरू’ या फलकाचा तुमच्याकडे फोटो आहे, आणि त्यावर काम सुरू झाल्याची तारीख तुमच्या बुकिंगच्या आधीची आहे. हा फोटो म्हणजे तुमची अर्धी केस. ‘गाडीसाठी अर्धा तास थांबावं लागलं’, ‘रात्री दोनला सामान उचलून दुसऱ्या इमारतीत जावं लागलं’ ही घडलेली गोष्ट आहे, बरोबरचे चौघे साक्षीला आहेत. ‘खोलीला कुबट वास येत होता’ हा तुमच्या नाकाचा अनुभव. ‘इतक्या पैशांत ही सेवा म्हणजे थट्टा आहे’ हे मत, आणि मत ज्या घटनांवर उभं आहे त्या तुम्ही वरच सांगितल्या आहेत. अशा मताला कायद्यात जागा आहे.

आता ती तीन. ‘इथले चांगले रिव्ह्यू पैसे देऊन लिहून घेतलेले आहेत.’ कशावरून? तुम्हाला कुणी सांगितलं, की वाचून वाटलं? वाटलं असेल तर हे वाक्य काढा. ‘पर्यटकांना लुटणारी टोळी आहे ही.’ चीड कळते, पण ‘लुटणारी टोळी’ हे मत नाही, गुन्ह्याचा आरोप आहे. आणि तिसरं, रिसेप्शनवरच्या मुलीचं नाव घेऊन तुम्ही लिहिलंय की तिने मुद्दाम लांबची खोली दिली. त्या मुलीला वरून जी खोली सांगितली ती तिने दिली असेल. कंपनीचीही बदनामी होऊ शकते हे खरं, पण या वाक्यामुळे एक माणूस म्हणून तीसुद्धा तुमच्याविरुद्ध उभी राहू शकते. तिचं नाव आजच काढा. कायदा बाजूला ठेवला तरी मला ते बरं वाटलं नाही.

ही चाळणी मी का लावतोय ते सांगतो. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे. फौजदारीत थोडं जास्त लागतं : मजकूर खरा हवा आणि तो लोकहितासाठी असायला हवा, हा बदनामीच्या कलमातला पहिला अपवाद, आणि स्वतःच्या किंवा इतरांच्या हिताचं रक्षण करण्यासाठी सद्भावनेने लिहिलेला मजकूर हा नववा. पुढच्या माणसाने ठेच खाऊ नये म्हणून लिहिलेला रिव्ह्यू या नवव्या अपवादात बसतो. फक्त अपवाद लागू होतो हे दाखवण्याचा भार तुमच्यावर असतो.

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंच एक प्रकरण निकाली काढलं. मुंबईतल्या एका इमारतीतल्या फ्लॅटधारकांनी बिल्डरविरुद्ध फलक लावला होता, गळती, लिफ्ट, पाणी अशा तक्रारी त्यावर लिहिल्या होत्या. बिल्डरने बदनामीची फौजदारी तक्रार केली. न्यायालयाने ती रद्द केली आणि या लोकांना नवव्या अपवादाचं संरक्षण दिलं. निकाल वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते : न्यायालयाने फलकावरची भाषा तपासली. त्यात फसवणूक, अपहार असे शब्द नव्हते, शिवीगाळ नव्हती, नुसत्या तक्रारी होत्या, याला महत्त्व दिलं. तुमच्या अकरा वाक्यांना या निकालाचा थेट आधार आहे. ‘टोळी’ला नाही.

तेव्हा रिव्ह्यू काढू नका, दुरुस्त करा. पण आधी मूळ रिव्ह्यूचा तारखेसकट स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, नाहीतर जुना मजकूर काय होता याचा पुरावा फक्त त्यांच्याच हाती राहील. दुरुस्ती म्हणजे कबुली नव्हे. नोटिशीच्या उत्तरात तसं एका ओळीत लिहिता येतं. रिसॉर्टने परस्पर त्या वेबसाइटला नोटीस पाठवली म्हणून वेबसाइटवर रिव्ह्यू काढण्याची सक्ती येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानंतर त्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना लागते. स्वतःच्या नियमांत बसत नाही म्हणून वेबसाइट तो काढू शकते, ती गोष्ट वेगळी.

नोटिशीच्या सहाव्या परिच्छेदात त्यांनी एक हुकमाचा पत्ता टाकलाय, तो तुम्ही पत्रात सांगितला नव्हतात. चेकआउटच्या वेळी तुम्ही त्यांच्या टॅबलेटवर सगळ्या रकान्यांत ‘उत्तम’ दिलंय आणि खाली बोटाने सही केलीय. फोनवर विचारल्यावर तुम्ही हसलात. सकाळचे सहा, टॅक्सी दारात, आई व्हीलचेअरवर, आणि बिलाच्या आधी समोर टॅबलेट धरलेला. अशा वेळी कोण विचार करतं? मीही दिलं असतं. ही सही तुम्हाला बुडवणार नाही, कारण पहिल्या रात्री एक वाजून पन्नास मिनिटांनी तुम्ही फ्रंट डेस्कला व्हॉट्सॲपवर एसीबद्दल लिहिलंय आणि दुसऱ्या दिवशी पुलाबद्दल. तिथल्या तिथे केलेली तक्रार निघतानाच्या स्मायलीपेक्षा जड असते. तरी उत्तरात हे लपवू नका, कशी परिस्थिती होती ते दोन ओळींत सरळ सांगा.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच एका मेसेजची. परत आल्यावर तुम्ही मॅनेजरला लिहिलंत : ‘एका रात्रीचे पैसे परत करा, मी रिव्ह्यू काढून टाकते.’ तुम्हाला ते साधं वाटलं. समोरचा वकील त्याचं काय करेल ते ऐका. तो म्हणेल, हा लोकहितासाठी लिहिलेला रिव्ह्यू नाही, पैसे काढण्याचं हत्यार आहे. सद्भावनेचा तुमचा बचाव त्या एका ओळीने लंगडा होतो, आणि एखादा उत्साही माणूस खंडणीचा शब्दही वापरून पाहील. तो आरोप टिकेल असं मला वाटत नाही, कारण तुमची मागणी मुळात रास्त होती आणि रिव्ह्यू आधीच लिहिलेला होता. पण परतावा आणि रिव्ह्यू या दोन गोष्टी यापुढे एका वाक्यात आणू नका. मेसेज डिलीट करू नका. त्यांच्याकडे तो आहेच, तुमच्याकडून गायब झाला तर आणखी वाईट दिसेल.

नोटिशीला उत्तर द्यावंच असं कायदा म्हणत नाही, पण द्या. दीड पानाचं, स्पीड पोस्टने, ईमेलची प्रत जोडून. आरोप नाकारा, कोणत्या तारखेला काय झालं ते लिहा, पुरावे आहेत एवढं सांगा (जोडू नका), सर्व हक्क राखून ठेवा. माफी मागू नका. फोटो ज्या फोनने काढलेत तो फोन सध्या विकू नका, बदलू नका. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीत मूळ तारीख-वेळेची माहिती राहत नाही, आणि न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

पैशांचं थोडक्यात. तो मार्ग वेगळा आहे : ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. बंद पूल चालू असल्यासारखा दाखवून खोली विकणं म्हणजे दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतली त्रुटी. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. रिसॉर्टच्या गावी खेपा घालायची गरज नाही. तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कित्येकदा तिथेच मिटतं. ‘रिसॉर्ट चार्ज’ बुकिंगच्या पानावर दिसत नव्हता आणि बिलात उगवला असेल, तर नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या वेबसाइटवरच्या युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत अशा लपवलेल्या किमतीला नाव घेऊन मनाई आहे. बुकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट शोधा. तुमची एक तक्रार मात्र मी गाळतोय : पाण्याच्या बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे. हॉटेलं बसायची सोय आणि सेवाही देतात, म्हणून त्यांना छापील किमतीचं बंधन लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ठरवलंय. पटो न पटो.

किती मिळेल? पूर्ण परतावा विसरा. तीन रात्री तुम्ही तिथे राहिलात, झोपलात, नाश्ता केलात. भाड्याचा काही हिस्सा, त्रासाबद्दल काही रक्कम, तक्रारीचा खर्च, असं मागा. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत. तुम्ही जास्त धरून चाला.

मॅनेजरच्या फुकट रात्रींचं काय, हे राहिलं. तडजोडीत वाईट काही नाही, मी कित्येकांना करायला सांगतो. पण ती फोनवर नको. त्यांना लेखी द्यायला सांगा, आणि त्या कागदावर पहिली ओळ ‘नोटीस बिनशर्त मागे घेत आहोत’ अशी असू दे. आणि तुम्हाला खरंच पुन्हा त्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री काढायच्या आहेत का, हे आईंना विचारून घ्या.