दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या टीचर्स कॉलेजांचं काय झालं? मुलं युद्धावर गेल्यावर डिपार्टमेंट बंद पडली का?

तुम्ही विचारलंय की मुलं सैन्यात गेल्यावर तिथली शिक्षक घडवणारी कॉलेजं चालली कशी, कॅम्पसवर उरलं कोण आणि युद्ध संपल्यावर सगळं पूर्ववत झालं का. मी अध्यापक महाविद्यालयात शिकवते आणि शिक्षणाच्या इतिहासातला हा भाग माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक लक्षात घ्या, ही काही बडी विद्यापीठं नव्हती. बहुतेक कॉलेजं मुळात नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या जुन्या शाळा, १९२०-३० च्या आसपास त्यांची स्टेट टीचर्स कॉलेजं झाली, बरीचशी लहान गावांत, आणि पहिल्यापासूनच मुली जास्त. सप्टेंबर १९४० मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा आला तेव्हा तो २१ वर्षांपासून पुढच्यांना होता त्यामुळे कॉलेजच्या पोरांना फारशी झळ लागली नाही, मग डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बर झालं आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये भरतीचं वय थेट १८ वर आणलं, तिथून पुढे वर्ग धडाधड रिकामे व्हायला लागले. मुलीही कमी झाल्या बरं का, कारण युद्धसाहित्याच्या कारखान्यात आणि सरकारी ऑफिसांत मास्तरकीपेक्षा चांगला पगार मिळत होता, मग चार वर्षं शिकून कमी पगाराची नोकरी कोण धरणार.

डिपार्टमेंटला सरसकट टाळं लागलं नाही, पण जवळपास प्रत्येक डिपार्टमेंटला युद्धाचं काहीतरी काम लागलं. होम इकॉनॉमिक्सवाल्यांकडे, म्हणजे गृहविज्ञानवाल्यांकडे, रेशनमध्ये भागवायचं कसं, भाज्या-फळं डबाबंद कशी करायची, पोषण कसं सांभाळायचं हे सगळं आलं. भूगोलात नकाशावाचन आणि हवामान यांना एकदम किंमत आली. गणिताचं तर वेगळंच झालं, अमेरिकन नेव्हीचे बडे अधिकारी अ‍ॅडमिरल निमिट्झ यांचं पत्र तेव्हा फार गाजलं, नेव्हीत अधिकारी व्हायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना साधं अंकगणित आणि त्रिकोणमिती जमत नाही अशी त्यात तक्रार होती, आणि तो ठपका शेवटी शाळेच्या शिक्षकांवर, म्हणजे त्यांना तयार करणाऱ्यांवरच आला.

मला सगळ्यात भारी वाटतं ते इंडस्ट्रियल आर्ट्सचं, म्हणजे आपण ज्याला कार्यशाळा म्हणू ते. १९४२ च्या सुरुवातीला नेव्हीने देशभरातल्या शाळांकडे विमानांची ५ लाख लाकडी मॉडेल मागितली. कशासाठी, तर तोफेवरच्या पोराला आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं हे क्षणात कळलं पाहिजे. प्रमाण ठरलेलं, १ ला ७२, म्हणजे मॉडेल खऱ्या विमानाच्या ७२ पट लहान. म्हणजे मॉडेल ३५ फुटांवर टांगलं की डोळ्याला ते साधारण अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं, आणि रंग काळा, कारण लांबून फक्त आकारच दिसणार. आता असं काम हायस्कूलच्या पोरांकडून करून घ्यायचं, पंखाचा बाक चुकला तर साच्याशी ताडून परत करायला लावायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. आणि ते करून घेणारे कितीतरी मास्तर याच कॉलेजांतून शिकून गेलेले. शिक्षक-प्रशिक्षणाचा युद्धात थेट उपयोग काय असं कोणी विचारलं की मी हेच उदाहरण देते.

आता कॅम्पसवर कोण उरलं ते. १९४३ मध्ये सरकारने रिकाम्या कॅम्पसवर सैनिक आणून बसवले. आर्मी एअर फोर्सच्या कॅडेटांचा, म्हणजे विमानदलात जाणाऱ्या शिकाऊ मुलांचा, साधारण ५ महिन्यांचा कोर्स असायचा, गणित, फिजिक्स, भूगोल, इतिहास, इंग्रजी आणि शेवटी छोट्या विमानात १० तास उड्डाण. नेव्हीचा व्ही-१२ कार्यक्रम, म्हणजे मुलांना कॉलेजात शिकवून अधिकारी बनवायची योजना, १ जुलै १९४३ ला एकूण १३१ कॉलेजांत सुरू झाला, त्यात नॉर्थ डकोटातली डिकिन्सन, मायनॉट आणि व्हॅली सिटी ही छोटी टीचर्स कॉलेजंसुद्धा होती, जिथून समुद्र पाहायचा तर दोन-दोन दिवसांचा प्रवास. व्ही-१२ ची मुलं युनिफॉर्ममध्ये पण साध्या विद्यार्थ्यांसोबत त्याच वर्गात बसायची, आणि फिजिक्स-गणिताला शिक्षक पुरेनात म्हणून इतर विषयांच्या प्राध्यापकांनाही ते शिकवायला लागलं.

आयोवातल्या सीडर फॉल्सला उलटं झालं, तिथे नेव्हीच्या मुली आल्या. डिसेंबर १९४२ पासून आयोवा स्टेट टीचर्स कॉलेजात नेव्हीच्या महिला राखीव दलाचं म्हणजे वेव्हजचं प्रशिक्षण सुरू झालं, आधी प्राथमिक कवायत-शिस्त आणि मग नेव्हीच्या कारकुनी कामाचं शिक्षण. बार्टलेट हॉल हे वसतिगृह त्यांना दिलं, कॉलेजच्या मुलींना दुसरीकडे जावं लागलं.

म्हणजे वरवर पाहिलं तर कॅम्पस पुन्हा भरले, कॉलेजांचा खर्चही निघाला. पण माझं स्पष्ट मत आहे की शिक्षक घडवण्याचं मूळ काम याच काळात सगळ्यात जास्त मार खाऊन गेलं. उन्हाळ्याची सुट्टी बंद करून चार वर्षांची डिग्री तीन वर्षांत उरकली, शाळा शेवटच्या वर्षाच्या मुलींना पदवीआधीच बोलवायला लागल्या, आणि तरी माणसं कमीच, मग राज्यांनी पात्रता पूर्ण नसलेल्यांना इमर्जन्सी सर्टिफिकेट दिली, १९४५-४६ पर्यंत ती वर्षाला एक लाखाच्या वर गेली. लग्न झालेल्या बाईला नोकरी नाही हा अनेक शाळा-मंडळांचा जुना नियम याच टंचाईत गळून पडला, एवढं एक चांगलं झालं. आणि जे शिक्षक उरले त्यांच्यावर बाकीची कामंही होतीच, मे १९४२ मध्ये साखरेचं रेशन सुरू झालं तेव्हा देशभर रेशनपुस्तकं भरून द्यायला शाळांतले शिक्षकच बसले होते.

कॅम्पसवरचं रोजचं आयुष्य पण बदललं. बऱ्याच ठिकाणी फुटबॉल बंद, पेट्रोल रेशनवर त्यामुळे सहली बंद, विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्ष आणि कॉलेजच्या पेपरच्या संपादक आता मुली, संध्याकाळी रेडक्रॉससाठी बँडेज गुंडाळायचं आणि वॉर बाँड, म्हणजे युद्धखर्चासाठीचे सरकारी रोखे, विकायचे.

युद्धानंतर पूर्ववत काही झालं नाही. २२ जून १९४४ च्या जीआय बिलमुळे, म्हणजे परतलेल्या सैनिकांसाठी केलेल्या कायद्यामुळे, सैनिकांची फी सरकारने भरली, ते लोंढ्याने कॉलेजात आले आणि त्यातल्या अनेकांना शिक्षक व्हायचंच नव्हतं, मग इतर डिग्र्या वाढत गेल्या. सीडर फॉल्सचं कॉलेज १९६१ मध्ये स्टेट कॉलेज ऑफ आयोवा आणि १९६७ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न आयोवा झालं.

तुम्हाला यावर अजून वाचायचं असेल तर न्यूअर्कच्या टीचर्स कॉलेजच्या ग्रंथपाल नॅन्सी थॉम्पसन यांच्यापासून सुरुवात करा. सैन्यात गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना त्या युद्ध संपेपर्यंत पत्रं आणि कॉलेजच्या बातम्यांचं पत्रक पाठवत राहिल्या. मुलांची आलेली उत्तरं त्यांनी सांभाळून ठेवली आणि ती आज किन युनिव्हर्सिटीत, म्हणजे त्याच कॉलेजच्या आजच्या रूपात, जपलेली आहेत.