पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीने सांगितलेले सर्वनाम पाळणे मराठीत इतके महत्त्वाचे का आहे?

मराठीत हा प्रश्न ‘तो’ की ‘ती’ एवढ्यावर थांबत नाही, कारण ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ असे समोरासमोर बोलतानाही क्रियापद लिंग उघड करते. त्यामुळे चुकीचे रूप वापरले, तर स्वतःची ओळख नाकारली जात असल्याचे त्या व्यक्तीला वाक्यागणिक ऐकावे लागते. लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केला.

खात्री नसेल, तेव्हा ‘तुम्ही कधी आलात?’ अशी रचना वापरावी, कारण तिच्यात लिंग दिसत नाही (‘कसे आहात’मध्ये मात्र ते पुन्हा येते), आणि कसे संबोधावे हे त्या व्यक्तीलाच विचारावे. चूक झाल्यास ती लगेच सुधारून पुढे बोलावे. लांबलचक माफीने समोरच्याचाच संकोच वाढतो.