25 पैशांचा शब्द आणि फवारणीची वही

प्रिय माई,

मी निफाड तालुक्यातली. वय 31, बी.एस्सी. ॲग्री. लग्नानंतर नोकरी केली नाही. घरची द्राक्षबाग आहे, घरात सासूबाई, दीर-जाऊ आणि सहा वर्षांची माझी मुलगी. दोन वर्षांपूर्वी टोपणनावानं मराठी ब्लॉग सुरू केला. रेसिपी, घरगुती उपाय, सरकारी योजना, प्रेरणादायी विचार असं सगळं लिहिते. जाहिरातींचे 41 डॉलर जमलेत, हातात मात्र एक पैसा आलेला नाही. पुण्यातल्या एका एजन्सीला 25 पैसे शब्दानं लेखही देते. त्यांच्याकडे 18,400 रुपये अडकलेत. विचारलं की "पुढच्या महिन्यात क्लिअर करतो" म्हणतात. आता त्यांचं नवीनच सुरू झालंय: लेख एआय लिहील, तू फक्त तपासून दे, 10 पैशांनी. दिवसभर घरचं आणि बागेतलं, रात्री फवारणीची नोंदवही लिहायची (ती मीच ठेवते, शेजारचे दोघं-तिघंही त्यांच्या वह्या माझ्याकडूनच भरून घेतात) आणि मग लेखाला बसायचं. 1,000 शब्दांना चार तास जातात. एक सर 25,000 रुपयांत लेखनातून कमाईचा कोर्स देतात, सहा महिन्यांत महिना लाख कमवाल म्हणतात. माझी भिशी लागलीय, नेमके तेवढेच पैसे आहेत. नवरा म्हणतो, "आजवर किती आले ते सांग." जाऊबाई तर मत्सरानं टोचतच असतात. कोर्स करू, की हे सगळं सोडून देऊ?

— द्राक्षवेल

प्रिय द्राक्षवेल,

कोर्सचे पैसे भरू नकोस. हे आधी सांगून टाकते, कारण भिशीचे पैसे घरात फार दिवस टिकत नाहीत आणि अशा सरांचे फोन रोज येतात. त्या सरांना एकच विचार: कोर्स विकून मिळतात ते सोडून, नुसत्या लेखनाचे पैसे गेल्या महिन्यात तुम्हाला कुणाकडून आले? उत्तरात गिऱ्हाईक आलं तर पुढचं बोल. मोबाइलच्या पडद्यावरचे आकडे दाखवले तर फोन ठेव. "काम देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा" म्हणणारेही भेटतील, आणि टायपिंगचं काम देऊन नंतर कराराच्या दंडाची धमकी देणारेही. त्यांना भीक घालायची नाही. कुणाच्या जाळ्यात पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा. तुझ्या ब्लॉगच्या मैत्रिणींनाही हे कळव.

आता तुझ्या दोन वर्षांचा हिशेब. गूगलच्या जाहिरातींचे पैसे 100 डॉलर झाल्याशिवाय बँकेत येत नाहीत, तेव्हा तुझे 41 डॉलर नुसते पडद्यावर आहेत. ते कमी का, याचा दोष तुझ्या मराठीला देऊ नकोस. मराठी पानावरच्या जाहिरातीला जाहिरातदार मुळात कमी मोजतात. त्यात तू निवडलेले विषय कसे? योजनांच्या बातम्या वर्तमानपत्रांच्या वेबसाइट तुझ्या आधी टाकतात. रेसिपी लोक व्हिडिओत बघतात. हळदीच्या दुधाचे फायदे विचारले तर गूगल वरच्या वर स्वतःच सांगून मोकळं होतं, तुझ्या पानापर्यंत माणूस येतो कशाला? लाखो लोक येतील तेव्हा जाहिरातींवर घर चालतं. निफाडातून रात्री दोन तास लिहिणारीनं त्या शर्यतीत उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एजन्सीचा हिशेब त्याहून वाईट आहे. 1,000 शब्दांचे 250 रुपये आणि वेळ चार तास, म्हणजे तासाला जेमतेम 62 रुपये, तेही वेळेवर आले तर. महिन्याला 12,000 मिळावेत असं तू धरलंस, तर या दरानं 48,000 शब्द लिहावे लागतील. एक बऱ्यापैकी पुस्तक झालं, दर महिन्याला! उलट बाजूनं मांडून बघ. तुला महिन्यात 40 तास मिळतात असं समज. 12,000 हवेत तर तासाला 300 पडायला हवेत, म्हणजे चार तासांच्या त्याच लेखाचे 1,200. हा आकडा एजन्सीला ऐकवलास तर ते हसतील, आणि त्यांच्या जागी ते बरोबरही आहेत. "निरोगी राहण्याचे दहा उपाय" असला लेख आता यंत्र मिनिटात लिहून देतं, आणि मराठीही बरं लिहितं. त्याला 1,200 कोण देणार? म्हणजे दर वाढवायचा तर आधी माल बदलायला हवा.

आणि माल तुझ्या घरात आहे. चार पानी पत्रात तू तो कंसात टाकलास.

फवारणीची नोंदवही! अगं, निर्यातीची द्राक्षं त्या वहीवरच तर चालतात. दरवर्षी कृषी विभागाकडे प्लॉटची नोंदणी, ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) त्याची माहिती, कोणतं औषध कधी, किती मारलं, कोणत्या तारखेला घड उतरवले, मग द्राक्षात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या तपासणीला नमुना. ग्रेपनेट 2006 पासून आहे. तरी 2010 साली सीसीसी या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात आपला माल अडकला आणि नाशिक जिल्ह्यातल्या बागायतदारांचे काय हाल झाले, हे तुझ्या सासूबाईंना विचार. या वह्या नीट लिहिणारं माणूस गावात किती जणांकडे आहे? शेजारचे दोघं-तिघं तुझ्याकडे फुकट येतात, याचा अर्थ गरज आहे आणि विश्वासही बसलेला आहे. फक्त तू त्याला काम म्हटलं नाहीस.

तेव्हा तो जुना ब्लॉग आहे तिथे राहू दे, पण त्यावर आता एक रात्रही घालवू नकोस. नवा ब्लॉग फक्त याच विषयाचा काढ: द्राक्षबागेच्या नोंदी आणि निर्यातीची कागदपत्रं, साध्या मराठीत. वहीत कुठल्या चुका हटकून होतात, पीएचआयचे (शेवटची फवारणी ते काढणी यांत सोडायचे) दिवस कुठून मोजायचे, औषधाच्या डब्यावरचं इंग्रजी लेबल कसं वाचायचं, ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत वहीत कोणत्या आठवड्याला काय यायला हवं. महिन्यातून दोन लेख पुरेत, पण असे की शेतकऱ्यानं ते मोबाइलवर साठवून ठेवावेत. एक पथ्य मात्र कडक पाळायचं: ऐकीव डोस लिहायचा नाही. औषध आणि त्याचे दिवस पुण्याजवळ मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू यादीप्रमाणे आणि लेबलप्रमाणेच द्यायचे, आणि यादी कोणत्या तारखेची ते लेखात लिहायचं. तुझ्या एका चुकीच्या ओळीनं कुणाचा कंटेनर अडकू शकतो.

या ब्लॉगवर जाहिराती लावूच नकोस. दुकानावरची पाटी स्वतः पैसे कमवत नाही, गिऱ्हाईक आत आणते, तेवढंच तिचं काम. हा ब्लॉग म्हणजे तशी पाटी. लेखाखाली तुझं खरं नाव, शिक्षण आणि व्हॉट्सॲप नंबर. टोपणनाव आता पुरे झालं. नंबरासाठी वेगळं सिम घे म्हणजे घरचा फोन रात्री-बेरात्री वाजणार नाही.

गिऱ्हाईक कोण, हे तुला माझ्याहून चांगलं कळेल. पिंपळगाव-ओझरच्या पट्ट्यात निर्यातदार आहेत, पॅकहाउस आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या, रोपवाटिका, कृषी सेवा केंद्रं आहेत. यांना मराठी मजकूर लागतो आणि तो त्यांच्याकडे भयंकर असतो. इंग्रजी माहितीपत्रकाचं यंत्रानं केलेलं भाषांतर बघितलंस ना? "वनस्पतीला आनंद द्या" छापाचं! त्यांना सभासदांना पाठवायचे आठवड्याचे व्हॉट्सॲप संदेश हवे असतात, पॅकहाउसातल्या बायकांना भिंतीवर वाचता येतील अशा सूचना, नोंदवहीचा छापील नमुना, व्हिडिओसाठी बोलायचा मजकूर. यातलं एकेक काम नगावर घ्यायचं, शब्दावर नाही. आठ ओळींच्या संदेशाला शब्दाचा दर लावलास तर दहा-पंधरा रुपये मिळतील, आणि त्या आठ ओळींसाठी तुझी पदवी आणि बागेतली सगळी वर्षं खर्ची पडलेली असतात.

ईमेल पाठवून वाट बघत बसू नकोस. एखाद्या कंपनीचं जुनं माहितीपत्रक घे, त्याचं एक पान नव्यानं लिही, प्रिंट काढ आणि जाऊन दाखव. आपल्याकडे काम असं समोर बसून मिळतं. एक पान फुकट, दुसरं नाही. पहिल्यांदा काम देणाऱ्याकडून निम्मे पैसे आधी घ्यायचे आणि काय देणार, किती दुरुस्त्या, पैसे कधी, हे व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्यायचं. शेजाऱ्यांच्या वह्यांनाही आता हंगामाचा ठरावीक आकार सांग. थोडं अवघड वाटेल. एखादा रुसेलही. रुसू दे. तारखा तेवढ्या बागेच्या वेळापत्रकाशी जुळव. फेलफुटी (नको असलेले फुटवे) काढणं, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं) चालू असताना मोठं काम अंगावर घेतलंस तर दोन्हीकडे बोल खाशील.

आता अडकलेले 18,400. आज एजन्सीला नवा लेख देणं बंद कर, तपासणीचंही. मग सगळ्या लेखांची यादी, तारखा, शब्दसंख्या आणि रकमा एका ईमेलात घालून पैसे देण्याची तारीख माग. त्यात लेखांच्या हक्काबद्दल एक वाक्य जरूर घाल. तू त्यांची पगारी नोकर नाहीस, आणि 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखी हस्तांतर केल्याशिवाय लेखाचा हक्क लेखकाकडून जात नाही. तू काही सही करून दिलेलं नसेल तर ते लेख अजून तुझे आहेत, आणि पैसे न देता ते ज्यांच्या वेबसाइटवर लावलेत त्यांनाही तू तसं कळवू शकतेस. ही ओळ वाचल्यावर पुष्कळांना पैसे सापडतात. नाहीच सापडले तर वकिलाची एक नोटीस, आणि त्यानंतर त्या पैशांमागे आणखी रात्री घालवायच्या नाहीत.

पुढच्यासाठी उद्यम नोंदणी करून ठेव. आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर एक रुपयाही लागत नाही. फी मागणाऱ्या वेबसाइट दुसऱ्यांच्या आहेत. नोंदणी असली की गिऱ्हाइकाला लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण नोंदणी काम देण्याआधीची हवी. जुन्या 18,400 ला ती उपयोगी पडेल असं धरू नकोस.

आता घर. नवऱ्याचा प्रश्न तुला टोमणा वाटला. मला तो बागायतदाराचा प्रश्न वाटतो. औषधाचा, मजुरांचा, डब्यांचा हिशेब रोज करणारा माणूस तुझ्या कामाचाही हिशेबच विचारणार. त्याला उत्तर दे: दोन वर्षांत इतके तास, इतके पैसे, म्हणून हे बंद, आता हे सुरू. द्राक्षहंगाम संपेपर्यंतची मुदत माग, रोजचे दोन तास माग. नव्या कामात त्याच्याकडून शिकायलाही मिळेल, कारण भुरी रोग पहिल्यांदा कुठल्या पानावर दिसते हे तुझ्या पुस्तकापेक्षा त्याला जास्त कळतं. विचार त्याला, लेखात त्याचं नावही घाल. मात्र गिऱ्हाइकाशी बोलणं आणि दर ठरवणं तुझ्याकडेच ठेव. एकदा का ते त्याच्या फोनवरून सुरू झालं की वर्षभरात तू पुन्हा वही लिहिणारी होशील.

जाऊबाईंचं मात्र तू म्हणतेस तसं मला दिसत नाही. तू रात्री वही-लॅपटॉप उघडतेस तेव्हा भाकऱ्या कोण थापतं, हे तुझ्या पत्रात नाही. मला वाटतं त्याच थापतात, आणि त्याबद्दल त्यांना कुणी काही म्हटलेलं नाही. असं असेल तर तो मत्सर नव्हे, थकवा आहे. सकाळचं सगळं तू उचल, संध्याकाळचे दोन तास त्यांच्याकडून रीतसर मागून घे. पैसे यायला लागले की त्यातला काही भाग त्यांच्या हातात दे. साडी नको देऊस, पैसेच दे.

पैशांचं एक शेवटचं. सगळं तुझ्या एकटीच्या नावच्या खात्यात घे, नवऱ्याच्या किंवा बागेच्या खात्यात नको. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही म्हणून तुमच्या घरात कदाचित कुणी रिटर्न भरत नसेल, पण लेखनाची कमाई शेतीत धरता येत नाही. मोठ्या कंपन्या व्यावसायिक फीमधून बहुधा 10 टक्के टीडीएस कापतील, तो तुझ्या पॅनवर जमा होतो, आणि कर लागत नसेल तर रिटर्न भरल्यावर परत येतो. जीएसटीची चिंता सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांवर जाईपर्यंत करू नकोस. निफाडात किंवा नाशिकला एखादा सीए गाठ आणि पहिलं बिल काढायच्या आधी त्याच्याकडे अर्धा तास बस. त्याची फी भिशीतून दे.

— माई