वाचकांचे प्रश्न : एका बांगड्यासाठी अख्खा क्रेट

प्रश्न : मालीम जेटीवरच्या ट्रॉलरांच्या जीपीएस नोंदींसाठी सी प्लस प्लसमध्ये प्रोग्राम लिहिलाय. एका स्ट्रक्टमध्ये (एका नोंदीची सगळी माहिती एकत्र ठेवणारा साचा) बोटीचं नाव (४० बाइट), अक्षांश, रेखांश, वेळ (प्रत्येकी ८) आणि वेग (४). नोंदी २० लाख. नुसता सरासरी वेग काढतानाही प्रोग्राम रेंगाळतो, प्रोसेसरचा कोअर मात्र १०० टक्के व्यस्त दिसतो. नवा प्रोसेसर घ्यावा का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : इतक्यात नको. मेमरीची वाट बघत थांबलेला कोअरही १०० टक्केच दिसतो.

तुमच्या स्ट्रक्टची बेरीज ६८. पण ८ च्या पटीत बसवण्यासाठी कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ती ७२ करतो. साइझऑफ, म्हणजे स्ट्रक्टचा आकार, छापून बघा. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांत मेमरीतून एका वेळी ६४ बाइटची कॅश लाइन येते (कॅश म्हणजे प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी). नोंद त्याहून मोठी, म्हणजे प्रत्येक वेगासाठी नवी लाइन: ६४ बाइट आणायचे, ४ वापरायचे. एका बांगड्यासाठी अख्खा क्रेट उचलण्यातला प्रकार! २० लाख वेगांसाठी १२८ एमबी ओढले जातात. वेगांचा वेगळा फ्लोट व्हेक्टर (४ बाइटच्या दशांश आकड्यांची सलग यादी) केलात तर एका लाइनीत १६ वेग मावतात आणि काम ८ एमबीत भागतं. वेळ मात्र सोळापट वाचेल असं धरू नका. ओळीने वाचताना प्रोसेसर पुढच्या लाइनी आधीच मागवून ठेवतो, त्यामुळे जुना प्रोग्रामही थोडा सावरलेला असतो.

खरं तर त्याआधी नाव नोंदीतून काढा. तीच नावं लाखो वेळा कशाला? २ बाइटचा बोट क्रमांक ठेवा, नावांचा तक्ता वेगळा. मग फील्ड (नोंदीतले रकाने) मोठ्याकडून लहानाकडे लावा: अक्षांश, रेखांश, वेळ, वेग, क्रमांक. नोंद ३२ बाइटची होते, लाइनीत दोन. हेच क्रमांक, अक्षांश, वेग, रेखांश, वेळ असं लिहिलंत तर मधल्या रिकाम्या जागांमुळे ४० होतात.

नकाशावर एकेक बिंदू दाखवताना सगळी फील्ड एकदम लागतात. तिथे हा ३२ बाइटचा स्ट्रक्टच बरा. व्हेक्टर वेगळे केलेत तर सॉर्ट करताना किंवा नोंद गाळताना सगळ्यांत एकसारखा बदल करा, नाहीतर एका बोटीचा वेग दुसरीच्या नावावर जातो, आणि प्रोग्राम चूं करत नाही.

पुढे काम वाटून एकाच वेळी करणारे चार थ्रेड लावलेत तर त्यांच्या बेरजा शेजारीशेजारी ठेवू नका. एकाच लाइनीसाठी कोअर झोंबतात; अलाइनअ‍ॅज ६४ (पत्ता ६४ च्या पटीत ठेवायची सूचना) लावून त्या दूर करा.

बदलाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा ओ-टू या कंपायलरच्या वेगवाढीच्या पर्यायाने कंपाइल करून, लिनक्सवर परफ स्टॅट या मोजणीच्या साधनात कॅश-मिसेस (हवी ती माहिती कॅशमध्ये न सापडण्याच्या वेळा) मोजा.