बेटावरची सिस्टर आणि कपाटाची किल्ली

पत्र असं आहे :

"मावशी, मी गुहागरची. जीएनएमचा नर्सिंग डिप्लोमा केला, चिपळुणात एका खासगी हॉस्पिटलात सहा वर्षं काढली, त्यातली शेवटची तीन आयसीयूत. लग्न झालं आणि नवऱ्याच्या कोस्ट गार्डच्या बदलीमुळे पोर्ट ब्लेअरला आले. अजून अडीच वर्षं इथेच आहोत. पाच महिन्यांत अकरा ठिकाणी अर्ज केले, बहुतेक ई-मेलने. दोन ठिकाणी बोलावलं. दोन्हीकडे पहिला प्रश्न, लोकल आहात का? दुसरा, मिस्टर काय करतात? तिसरा प्रश्न आलाच नाही. सासूबाई म्हणतात, झाली तेवढी नोकरी पुरे, आता घर बघ. आणि माझ्या हातून एक चूक झालीये. आईला सांगून टाकलंय की मी जॉइन झाले. रोज सकाळी आठला तिला फोन करते, 'ड्युटीला निघाले गो आई' म्हणते, आणि फोन ठेवून पलंगावर बसून राहते. काय करू? – एक सिस्टर"

बाय,

तुझं पत्र वाचलं आणि आधी माझी मलाच लाज वाटली. का, ते सांगते.

मी सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं काढली. शेवटची एकोणीस सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात. घाटावरून नवी सिस्टर हजर व्हायला आली की आम्ही तिच्या ऑर्डरीआधी तिची बॅग बघायचो. बॅग लहान असली की समजायचं, ही काय टिकत नाही. लातूरच्या एका पोरीला तर मी पहिल्याच दिवशी तोंडावर विचारलं होतं, "बदलीचो अर्ज वांगडाच हाडलंस काय गो?" म्हणजे, बदलीचा अर्ज सोबतच आणलास का? तिला ते कळलंच नाही, बिचारी हसली. औषधांच्या कपाटाची किल्ली मी तिला तीन महिने दिली नाही. कामात ती हुशार होती, ते पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. पण प्रश्न हुशारीचा नव्हताच. तिच्या आधीच्या चौघी वर्षाच्या आत निघून गेल्या होत्या. दर वेळी नवीला शिकवायचं मी, आणि ती गेली की तिच्या नाइटही मीच करायच्या.

पोर्ट ब्लेअरला (आता कागदोपत्री श्री विजयपुरम) तुझ्यासमोर जी बसली होती ना, ती माझ्याच खुर्चीत बसली होती. "लोकल आहात का" म्हणजे "तुम्हाला काम येतं का" नव्हे. तू किती दिवस राहणार, एवढंच तिला हवं होतं. आणि तू त्या प्रश्नाला "नाही" म्हणून गप्प राहिलीस.

आधी तिथली जागा केवढी आहे ते नीट बघ. अंदमान-निकोबारची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सुमारे ३ लाख ८० हजार. आपले चिपळूण आणि गुहागर हे दोन तालुके एकत्र केले तर साधारण तेवढीच माणसं होतात. मोठं सरकारी हॉस्पिटल एकच, गोविंद वल्लभ पंत, त्यालाच आता मेडिकल कॉलेजही जोडलेलं आहे. नौदलाचं धन्वंतरी आहे. बाकी मोजकी खासगी नर्सिंग होम. चिपळुणात नाही जमलं तर माणूस एसटीत बसून खेडला जातं, नाहीतर रत्नागिरीला. पोर्ट ब्लेअरहून चेन्नई जहाजाने तीन दिवसांवर. म्हणजे दारं जेवढी आहेत तेवढीच, नवीन उगवणार नाहीत. अशा ठिकाणी ई-मेल पाठवून वाट बघणं म्हणजे भरतीला गरी टाकून घरी येऊन झोपणं. पायी जा. सकाळचा राउंड आटोपला की, साडेदहा-अकराच्या सुमाराला. ऑफिसात नको, मेट्रनला नाहीतर नर्सिंग इन्चार्जला भेट. कोणाची नाइट भरायला माणूस नाही हे तिलाच माहीत असतं. हातात एक कागद दे, एकच. पंधरा दिवसांनी परत जा, आठवण करून दे. लोक त्याला लोचटपणा म्हणतात. म्हणू देत.

त्या कागदावर सगळ्यात वर, नावाखाली, लिही : "अजून अडीच वर्षं पोर्ट ब्लेअरमध्येच वास्तव्य." नवऱ्याची नोकरी लपवू नकोस, छोट्या गावात ती आधीच कळलेली असते. अडीच वर्षं ही थोडी नाहीत. आमच्याकडच्या चौघींचं मिळून तेवढं झालं नव्हतं.

दुसरी ओळ लेप्टोची, म्हणजे पावसाळ्यात चिखलापाण्यातून होणाऱ्या त्या तापाची. तू पत्रात त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणजे बायोडेटातही नसणार. अगं, १९८०च्या दशकाच्या अखेरीला उत्तर अंदमानात दिगलीपूरकडे पावसाळ्यानंतर तापाची साथ यायची, माणसं रक्ताच्या गुळण्या टाकून दगावायची. त्याला 'अंदमान हेमरेजिक फीवर' असं नाव पडलं होतं. पुढे तपासात निघालं की तो लेप्टोस्पायरोसिस आहे. आपला लेप्टो! लावणीला चिखलात उतरलेली बाई ताप घेऊन येते, डोळे लाल, पोटरीला हात लावू देत नाही, आणि तू डॉक्टर येण्याआधी लघवीचं माप लिहायला घेतेस. चिपळूणच्या आयसीयूत तीन पावसाळे काढलेल्या सिस्टरला हे कोणी शिकवावं लागत नाही. पोर्ट ब्लेअरला आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, संशोधन केंद्र १९८३ पासून आहे आणि लेप्टोवर त्यांचं मोठं काम आहे. त्यांच्या प्रकल्पांसाठी कंत्राटी पदं निघतात, त्यात नर्सही लागतात. त्यांच्या जाहिराती बघत जा. हे अकरा अर्जांत नव्हतं ना? वाटलंच मला.

तिसरी ओळ, पेशंटची ने-आण. लांबच्या बेटांवरचा अत्यवस्थ पेशंट तिथे जहाजाने नाहीतर हेलिकॉप्टरने पोर्ट ब्लेअरला आणतात, आणि तिथेही जमलं नाही तर विमानाने चेन्नईला. तू व्हेंटिलेटरवरचा पेशंट घेऊन कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला गेली असशील. किती वेळा? आकडा लिही. ऑक्सिजन पुरेल की नाही हा हिशेब वळणावळणावर करणारी बाई बेटावर सोन्याच्या मोलाची. आणि २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तू ड्युटीवर होतीस की घरी? ड्युटीवर असशील तर तेही लिही. त्या दोन दिवसांत तुमचं हॉस्पिटल बेटच झालं होतं की.

आता "लोकल"चा दुसरा अर्थ. सरकारी कायम पदांच्या जाहिरातीत जेव्हा हा शब्द येतो तेव्हा त्याला कागद लागतो, स्थानिक असल्याचा दाखला. तो तुला पाच महिन्यांत मिळणार नाही आणि त्यावर रडण्यात अर्थ नाही. जाहिरात हातात आली की पगाराचा आकडा नको, आधी पात्रतेचा परिच्छेद वाच. दाखल्याची अट असेल तर बाजूला ठेव, फी भरू नकोस. कंत्राटी पदांचं तसं प्रत्येक वेळी नसतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची पदं अशीच कंत्राटी निघतात, त्यावर लक्ष ठेव. आणि आपलं रजिस्ट्रेशन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं आहे हे विसरू नकोस. त्याची मुदत तपास, एनयूआयडी, म्हणजे नर्सच्या देशपातळीवरच्या नोंदणीचा क्रमांक, काढलेला नसेल तर काढ, आणि तिथल्या आरोग्य संचालनालयात स्वतः जाऊन विचार की बाहेरच्या नोंदणीवर काम करायला कुठला कागद लागतो. नाहरकत लागली तर ती मुंबईहून यायला वेळ जातो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी धावपळ नको.

मूळ सर्टिफिकेटं मात्र कोणाच्या हातात द्यायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत पिशवीत. सरकारी नोकरीआधी मी मुंबईत एका नर्सिंग होममध्ये होते. "आमच्याकडे सुरक्षित राहतील" म्हणून त्यांनी माझी ठेवून घेतली. सरकारी ऑर्डर आली तेव्हा ती सोडवायला सहा शनिवार लागले. दर शनिवारी मी तिथे बाकावर बसायची आणि आतून निरोप यायचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत. हजर होण्याची मुदत संपायला चार दिवस असताना ती हातात पडली. तेव्हापासून हे मी प्रत्येक पोरीला सांगते, तिने विचारलेलं नसलं तरी.

पगार चिपळूणपेक्षा कमी सांगितला तर पहिल्या सहा महिन्यांसाठी घे. अनुभवातला खंड त्याहून महाग पडतो. "तीन महिने बिनपगारी शिका" म्हणाले तर मात्र पर्स उचल.

किल्लीचं सांगायचं राहिलं. श्रावणात मी ड्युटीचा तक्ता लावायला बसले. चतुर्थीला आमच्याकडे कोणालाच ड्युटी नको असते, वॉर्डबॉयपासून डॉक्टरपर्यंत. दरवर्षी भांडणं, रुसवे, एकदा तर तक्ताच फाडला होता कोणीतरी. लातूरची पोर आली आणि म्हणाली, "मॅडम, पाचही दिवस माझे लावा. मला फक्त दिवाळीला सोडा." पाचव्या दिवशी तिच्या टेबलावर सात घरचे मोदक होते आणि किल्ली तिच्या खिशात. ती आमच्याकडे नऊ वर्षं राहिली. आता माझ्यापेक्षा चांगलं मालवणी बोलते.

तुझ्या तिथे बंगाली आहेत, तमिळ, तेलुगू, मल्याळी आहेत. कोणाला दुर्गापूजेला घरी राहायचं असतं, कोणाला पोंगलला, कोणाला ओणमला, कोणाला नाताळात. मुलाखतीत तिसरा प्रश्न आला नाही तर तूच बोल : "पूजेत आणि नाताळात मी ड्युटी करीन, मला गणपतीला सोडा." पाहुणी असं बोलत नाही. असा सौदा वॉर्डातलीच बाई करते.

तोवर घरात बसू नकोस. कोस्ट गार्डच्या बायकांची तटरक्षिका संघटना आहे, त्यांच्या आरोग्य शिबिरांना जा, बीपी तपास. तिथे येणाऱ्या डॉक्टरांना तू दिसायला हवीस.

सासूबाईंचं उत्तर तू द्यायचं नाहीस. नवऱ्याला द्यायला सांग. त्याच्या आईशी त्याने बोलावं, एकदाच आणि स्पष्ट.

आईला मात्र आज सांग. तुला वाटतंय की ती फसली आहे. सहा वर्षं तू चिपळुणात होतीस तेव्हा तिला कधी एका ठरलेल्या वेळी फोन केलास? नाइट असली की दुपारी, डबल पडली की दोन दिवस नाहीच, आणि आला तर आधी पाय दुखतात म्हणून कटकट. आता रोज सकाळी आठला निघणारी, जिची कधी नाइट नाही, कधी इन्चार्जशी भांडण नाही, कधी कोणी पेशंट गेला म्हणून आवाज बसलेला नाही, अशी सिस्टर मी बत्तीस वर्षांत पाहिली नाही. तुझ्या आईने पाहिली असेल?

– मावशी