बोलीच्या नोंदी घेताना वयाचा विचार
भाषेच्या पाहणीला नव्याने सुरुवात करताना आजोबा आणि नातू यांच्या बोलण्यात फरक दिसला, की भाषा बदलत चालली आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. काही लकबी त्या वयाच्याच असतात आणि कॉलेजातली मुले नोकरीला लागली की त्या गळून पडतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६१ साली अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड बेटावर उच्चार तपासले, तेव्हा एक विशिष्ट स्वरबदल सर्वांत ठळकपणे आढळला तो सर्वांत तरुणांमध्ये नव्हे, तर ३१ ते ४५ या वयोगटात, कारण पर्यटकांच्या गर्दीत बेटाशी असलेले नाते जपण्याची ओढ त्यांना अधिक होती. शिवाय तिथल्या बोलीच्या १९३० च्या दशकातील नोंदी तुलनेसाठी लबॉव्ह यांच्या हाताशी होत्या; अशा जुन्या नोंदी मिळाल्या तर त्या आधी वाचाव्यात. आपल्याकडे आकडे ऐकावेत: आजी ‘पावणेदोनशे’ म्हणते, तेच नात ‘वन सेव्हंटी फाइव्ह’ म्हणते. मात्र ते मुद्दाम वदवून घेऊ नयेत (प्रश्न विचारला की माणसे पुस्तकी बोलू लागतात). भाजीचा हिशेब चालू असताना ऐकावे आणि वयाबरोबर शिक्षण, गाव व समोर कोण होते हेही टिपून ठेवावे.