प्रार्थनेत भाषण नको

सलाम. सभेत तू प्रार्थना छान करतोस, सगळेच म्हणतात. पण नोकरी गेलेली, आई अंथरुणाला खिळलेली आणि कुणी विचारलं की, "प्रभूच्या कृपेने सगळं ठीक!" कशाला? बायबलमध्ये लूक 18 मधल्या दृष्टांतातल्या जकातदाराने फक्त दया मागितली, मानसुद्धा वर केली नाही. तोच नीतिमान ठरून घरी गेला. त्याच मंदिरात देवाला उपासांचा हिशेब देणारा परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस, राहिला तसाच.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा. तरी धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिलाच होता, असं त्यांनीच पुढे लिहिलंय. एवढी विदुषी बाई!

रविवारी पंचहौद चर्चला उपासनेनंतर लगेच गाडीला किक मारू नकोस. पाळकांना गाठ, नोकरीचं खरं सांग. औषधांना पैसे कमी पडत असतील तर तेही.